'ब्रेक केले': एका फियाटच्या वहीतला हरवलेला कर्ता

(ज्यांना भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

इतिहासाची साधनं म्हटली की आपल्याला बखरी, फर्मानं, ताम्रपट आठवतात. आज माझ्यासमोर टेबलावर जे साधन आहे, त्याला डिंकाचा नाही, ग्रीसचा वास येतो. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तसली लांबट वही. वरती बाबांच्या अक्षरात एकच शब्द, 'गाडी'. कोपऱ्यावर काळा अंगठा उमटलेला.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. 1981 चं मॉडेल. बाबांनी 1987 मध्ये एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. ती अजून आमच्या पुण्याच्या सोसायटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात उभी आहे. चालते. या वर्षी तिची नोंदणी पुन्हा करायची आहे, आणि करायची की नाही यावरून घरात दोन महिने चर्चा चालू आहे. त्या चर्चेत ही वही कपाटातून बाहेर आली.

वहीत नोंदी अशा आहेत. 'पॉइंट बदलले.' 'कार्ब्युरेटर साफ केला.' 'टॅपेट सेट केले.' 'ब्रेक केले.' पुढे तारीख, किलोमीटर, रुपये. पहिल्यांदा वाचताना मला बाबांचा अभिमान वाटला. बँकेत नोकरी करणारा माणूस, हातात पाना घेऊन घरची गाडी तीस-पस्तीस वर्षं स्वतः चालती ठेवतो!

मग एकदा वाटलं, थांब. मराठीत 'ब्रेक केले' म्हटलं की कुणी केले ते सांगावंच लागत नाही. वाक्य पूर्ण होतं, कर्ता गायब. आजचा भाग त्या गायब कर्त्याचा शोध आहे.

गाडी कुठून आली

थोडं मागे जाऊ. स्वातंत्र्याच्या आधी मुंबईत मोटारींचे सुटे भाग जहाजाने यायचे आणि इथे जोडले जायचे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना काढला होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना मात्र मोटार इथेच बनवायची होती. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवात क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडण्यापासून झाली, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला.

1953 मध्ये सरकारने धोरण ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, भागही इथेच बनवायचे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मोटारगाड्यांच्या बाजारात मुख्यतः तीन कंपन्या उरल्या. कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर. किती गाड्या बनवायच्या तेही परवान्यावर ठरायचं.

फियाट 1100 आपल्याकडे 1954 पासून आली. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव ठेवलं, ते आजही चिकटून आहे. 1964 मध्ये 1100 डी, म्हणजे 'डिलाइट' आली. हीच गाडी पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी'. नाव बदललं, जाळी बदलली, दिवे बदलले. इंजिन तेच, 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरची दांडी तशीच स्टिअरिंगच्या बाजूला.

इटलीत फियाटने या 1100 मालिकेचं उत्पादन 1969 मध्ये बंद केलं. कुर्ल्यात तीच गाडी विसावं शतक संपेपर्यंत निघत राहिली.

कंपनीचा आळस, मालकाचं भांडवल

याच्यावर आपण नेहमी हसतो. मीही हसायचो. गाडीसाठी नंबर लावायचा, वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि मिळाली की तिच्यातले नट आपणच घट्ट करायचे. तक्रारी इतक्या वाढल्या की मोटारींचा दर्जा तपासायला सरकारला समिती नेमावी लागली, तिचा अहवाल 1967 सालचा आहे. 1969 मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीच ठरवून दिल्या, आणि कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या. रांग मात्र हलली नाही. गिऱ्हाईक कुठे जाणार होतं?

पण वही वाचताना या कहाणीची दुसरी बाजू दिसते. गाडी बदलत नव्हती, म्हणून तिच्याबद्दलचं ज्ञानही शिळं होत नव्हतं. 1965 साली कुणी टॅपेट सेट करायला शिकला असेल, तर तो 1995 सालच्या गाडीवर डोळे मिटून काम करू शकत होता. मामाचं शहाणपण भाच्याला जसंच्या तसं चालायचं. जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला बहुतेक वेळा बसायचा. आज दहा वर्षं जुन्या फोनचं ज्ञान कुणाच्या उपयोगाचं आहे सांगा.

आणि ही गाडी समजण्यासारखी होती. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने खाली रस्ता दिसायचा, इतकी मोकळी जागा. बंद पडली की प्रश्न दोनच, पेट्रोल येतंय का आणि करंट येतोय का. प्लगची वायर काढायची, बॉडीजवळ धरायची, कुणीतरी स्टार्टर मारायचा. ठिणगी उडाली तर करंट आहे. नाही उडाली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं. मिस्त्री लोक त्याला 'डेल्को' म्हणायचे. आत काँटॅक्ट पॉइंट. ते जळून काळे झाले असतील तर पॉलिश पेपरने घासायचे, फिलर गेजने फट बघायची, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2. हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर बाबांनी लाल शाईने लिहिला आहे. मला तो पाढ्यांच्या आधी पाठ झाला असावा.

रस्त्यावरचे उपायही वहीत आहेत. रेडिएटर गळायला लागला, 'हळद घातली, घरापर्यंत आलो.' हो, स्वयंपाकघरातली हळद. ती पाण्याबरोबर बारीक भोकात जाऊन बसते. पेट्रोलची टाकी झिरपली, 'साबण दाबला.' मे महिन्यात बोरघाट चढताना इंजिनावरचा पेट्रोल पंप तापायचा, आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी गप्प बसायची. तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता, तो 2002 मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याआधी सगळी वाहतूक जुन्या घाटातून. शिंग्रोबाच्या देवळापाशी पैसे टाकायचे, आणि थोडं पुढे गेल्यावर पंपावर ओलं फडकं ठेवून वाट बघत बसायचं. वहीत त्या दिवसाची नोंद आहे, 'घाटात पंप गरम. आईचा पंचा.' म्हणजे माझ्या आजीचा पंचा. आजी त्यावर पुढे कितीतरी दिवस बोलत होती म्हणे.

मजुरी स्वस्त होती, मग स्वतः का?

इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. अमेरिकेत लोक स्वतः गाडी दुरुस्त करायला लागले, कारण शेतावरून गॅरेज लांब होतं आणि पुढे मजुरी महाग झाली. आपल्याकडे तसं नव्हतं. नाक्यानाक्यावर मिस्त्री होता, त्याच्या हाताखाली दोन पोरं होती, आणि मजुरी फार नव्हती. मग मध्यमवर्गीय माणूस हात काळे का करत होता?

मी बाबांनाच विचारलं. त्यांचं वय आता 80 च्या पुढे आहे, हात थरथरतो, स्मरण मात्र धडधाकट. म्हटलं, "बाबा, ही एकेक ओळ वाचतो. कुणी केलं ते सांगा."

'पॉइंट बदलले.' "मी." 'प्लग साफ केले.' "मी. कधीकधी तू, फिलर गेज धरायला." 'कार्ब्युरेटर साफ केला.' "मी उघडला. जेट मिस्त्रींनी फुंकले." 'टॅपेट सेट केले.' "मिस्त्रींनी. मी शेजारी उभा होतो." 'हेड उघडून कार्बन काढला.' "मिस्त्रींचा पोऱ्या. मी चहा आणला." 'पत्रा सडला होता, वेल्डिंग केले.' "तो टिंकरिंगवाला वेगळा, नाना पेठेतला."

तासभर आम्ही हेच करत होतो. शेवटी मी मोजलं. निम्म्याहून जास्त नोंदींचा कर्ता बाबा नव्हतेच.

बाबा मुळीच वरमले नाहीत. म्हणाले, "अरे, मी केलं असं कुठे लिहिलंय? केलं एवढंच लिहिलंय." आणि मग म्हणाले, "उभं राहून काम करून घेणं हेही काम असतं. भाग नवा घातला की जुनाच पुसून बसवला, हे कळायला पाहिजे ना."

माझ्या मते उत्तर इथे आहे. टंचाईच्या काळात खरी अडचण मजुरीची नव्हती, भागांची आणि भरवशाची होती. अस्सल भाग मिळणं कठीण, नकली भरपूर. भाग आणायला मालक स्वतः जायचा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याचा भंगार बाजार. भाग ओळखायचा तर तो कुठे बसतो, काय करतो, हे माहीत हवं. म्हणून शिकायचं. आणि गाडी घाटात बंद पडली तर मिस्त्री बरोबर नसतो, म्हणूनही शिकायचं.

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी याकडे अलीकडे लक्ष दिलं आहे. डेव्हिड अर्नोल्ड यांचं 2013 चं पुस्तक सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि भातगिरणी या रोजच्या यंत्रांतून भारताकडे बघतं. यंत्र कुणी शोधलं एवढ्यावर गोष्ट थांबत नाही, ते कुणी चालतं ठेवलं हेही विचारावं लागतं. पण चालतं ठेवणारे सहसा लिहीत नाहीत. आमच्या मिस्त्रींनी आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नाही. त्यांचं सगळं काम बाबांच्या वहीत आहे, त्यांच्या नावाशिवाय.

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगतो. ती न सांगता हा भाग करणं खोटेपणाचं झालं असतं.

2009 मध्ये पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक झिरपायला लागला. तोवर मिस्त्री वारले होते. मी वही उघडली. 'ब्रेक केले. रबर किट, ब्रेक ऑइल, एअर काढली.' असं चार-पाच ठिकाणी लिहिलेलं. म्हटलं, बाबांनी केलं तर मी का नाही? नाना पेठेतून किट आणलं. रविवारी जॅक लावला, चाकामागे ठोकळा ठेवला, ड्रम काढला, व्हील सिलिंडरचे रबर बदलले. भाच्याला पॅडल मारायला बसवलं आणि निपल ढिलं करून हवा काढली. सगळं बरोबर. फक्त शेवटी ते निपल हाताने बंद केलं आणि पान्याने आवळायचं राहिलं.

पहिले काही ब्रेक छान लागले. मी गाडी सोसायटीबाहेर नेली, चक्कर मारली, परत आलो. आमच्या गेटमधून आत यायला उतार आहे. उताराच्या टोकाला कंपाउंडची भिंत, आणि त्या भिंतीवर मुलांनी खडूने स्टंप काढलेले. मुलं खेळत होती. 'गाडी, गाडी' असं कुणीतरी ओरडलं आणि ती नेहमीसारखी बाजूला झाली. मी ब्रेक दाबला आणि पॅडल तळाला गेलं. काहीच नाही.

हँडब्रेक मागच्या चाकांना वेगळ्या तारेने असतो. तो ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये कोंबली. भिंतीपासून हातभर अंतरावर थांबलो. बॅट धरून उभा असलेला मुलगा मला विचारत होता, "काका, जाऊ का आता?" त्याला काही कळलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पॅडल दाबून कोण बसलं होतं?" मला प्रश्न कळेना. मग त्यांनी सांगितलं. ब्रेकचं काम झालं की मिस्त्री बाबांना सीटवर बसवायचे. पॅडल दाबून पाच मिनिटं तसंच धरायचं. तेवढ्या वेळात मिस्त्री स्वतः चारही चाकांपाशी वाकून, बोट फिरवून ओल आहे का बघायचे. पॅडल हळूहळू खाली गेलं किंवा बोटाला ओल लागली, तर गाडी गॅरेजबाहेर जायची नाही. प्रत्येक वेळी. एकदाही चुकवलं नाही.

हे वहीत एका ठिकाणीही नाही. कारण त्याचा खर्च शून्य रुपये होता.

मी वहीवर विसंबलो होतो आणि वहीत अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मिस्त्रींच्या बोटात होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. आपण 'जुगाड' म्हणून ज्याचं कौतुक करतो ना, त्यात हळद आणि साबण लक्षात राहतात. पाच मिनिटं पॅडल धरून बसणं कुणी सांगत नाही. गाड्या खरं तर त्या पाच मिनिटांमुळे सुरक्षित होत्या.

टॅक्सीची सावली

अजून एक कर्ता आहे, आणि तो आमच्या घरात कधी आला नाही. मुंबईचा टॅक्सीवाला.

1983 च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 आली आणि घरगुती गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलं. तरी पद्मिनीचे भाग मिळत राहिले, ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. मुंबईत हजारो टॅक्स्या रोज रस्त्यावर, रोज काहीतरी झिजणार, म्हणून दुकानदार माल ठेवणार. आमच्यासारखे मूठभर घरगुती मालक त्या सावलीत जगत होतो. आम्हाला वाटायचं आपण गाडी जपतोय. खरं म्हणजे टॅक्सीवाल्यांनी बाजार जपला होता.

मग टॅक्सीवर वयाची मर्यादा आली. आधी 25 वर्षं, पुढे 2013 मध्ये 20 वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. त्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. मला आठवतं ते वेगळं. नाना पेठेतले दुकानदार म्हणाले, "साहेब, आता हे रबर किट मागवत नाही. घेणार कोण?"

बाकी बदलही आले. 2000 साली देशभर शिसेमुक्त पेट्रोल झालं. हवेसाठी ते उत्तमच, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह बसण्याच्या जागेला ते शिसं वंगणासारखं होतं, म्हणून हेडचं काम निघालं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. त्या बदलाव्या लागल्या. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी, त्यावर पर्यावरण कर. या नोंदणीचं शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5000 रुपयांवर गेलं आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी पुढे आणखी वाढलं. धूर, अपघात, रस्त्यावरची गर्दी बघता सरकारचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. आई तर स्पष्ट म्हणते, "वस्तू किती जपायची यालाही मर्यादा असते."

मग काय ठरलं?

मागच्या महिन्यात मी मिस्त्रींच्या मुलाला शोधून काढलं. तो आता स्कूटर दुरुस्त करतो, फियाट त्याने लहानपणी हाताळली तेवढीच. गाडी तपासणीला न्यायची की भंगारात द्यायची, याचा निर्णय ब्रेक बघून करायचा असं आम्ही ठरवलं. चारही चाकं उघडली. किट एका दुकानात धूळ खात पडलेलं मिळालं, दुकानदाराने पैसेही कमी घेतले.

काम संपल्यावर मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "दादा, तुम्ही वर बसा. पॅडल दाबून धरा." आणि स्वतः खाली वाकला. डाव्या पुढच्या चाकाशी, मग उजव्या, मग मागे. बोट फिरवत. वडिलांनी त्याला कधी शिकवलं होतं का, मी विचारलं. म्हणाला, "शिकवलं नाही. मी तिथे असायचो."

बाबा खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. पाच मिनिटं झाल्यावर त्यांनी मान हलवली. पॅडल होतं तिथेच होतं.

नोंदणीचा अर्ज भरला आहे. ही शेवटची पाच वर्षं, असं आईला कबूल केलं आहे. आणि वहीत नवी नोंद केली आहे. बाबांच्या पद्धतीने तारीख, किलोमीटर, रुपये. पुढे मात्र थोडं जास्त लिहिलं: 'ब्रेकचे रबर बदलले – मी आणि मिस्त्रींचा मुलगा. ओल बघितली – त्याने. वेळ धरली – बाबांनी.'

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. गाडीची, स्कूटरची, शिलाई मशीनची, विहिरीवरच्या पंपाची. ती लिहिणारं माणूस अजून आपल्यात असेल, तर एक दुपार काढा. एकेक ओळ वाचा आणि विचारा, 'हे कुणी केलं होतं?' उत्तरं आम्हालाही कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.